तळाचा तांब्या

आमच्या भावकीत रसायनशास्त्र शिकलेला मी एकटाच, आणि नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात त्याची फळं मला आमच्या गावी, शेळगावला भोगावी लागली.

तेव्हा मी एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होतो. उसाच्या रसात चुना टाकला की कागदी पट्टी बुडवायची, तिचा रंग बघायचा आणि चुना कमी की जास्त ते सांगायचं, एवढंच माझं काम. पण नात्यात माझं नाव ‘केमिष्ट’ पडलं होतं. कुणाच्या लग्नात बासुंदी फाटली तरी सगळी पंगत माझ्याकडं बघायची.

माझे चुलते, म्हणजे तात्या, सहकाराच्या अभ्यासदौऱ्यावर परदेशात जाऊन आले. दौरा होता गाईंचा, आणि तात्या परत आले ते पोहण्याच्या तलावाचं खूळ घेऊन. तिथल्या हॉटेलातल्या तलावाचं पाणी म्हणे खारट होतं, त्यानं डोळे चुरचुरत नव्हते आणि तळाची फरशी लखलखीत दिसत होती. त्या खाऱ्या पाण्यामागं मिठातून क्लोरीन काढणारं एक यंत्र असतं, हे तात्यांना कुणी सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल ते इंग्रजीत. खारं पाणी भारी, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं. आणि आमच्या मळ्यातल्या बोअरला दुसरं कुठलं पाणीच नव्हतं. त्या पाण्यानं ऊस पिवळा पडायचा, डाळ शिजायची नाही, आंघोळीला साबणाचा फेस यायचा नाही. त्या बोअरचं पहिल्यांदा कुणी कौतुक केलं असेल तर ते तात्यांनी.

“तिकडं लोकं पैसं देऊन खाऱ्या पाण्यात पवत्यात,” ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. “आपल्यात तर फुकट हाय.”

गोठ्याच्या पलीकडं निळ्या फरशीचा तलाव उभा राहिला. एक सांगायचं राहिलं. तात्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं.

पोहता येत होतं ते आत्याला, तात्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे त्यांच्या अक्काला. लहानपणी ती विहिरीत पितळेचा तांब्या फेकायची आणि मुटका मारून तळातून काढून आणायची. मग लग्न होऊन दुष्काळी सुप्याकडं गेली. तिथं हंडा बुडायची मारामार, बाई कुठून बुडणार? तलावाची बातमी तिथवर गेली तेव्हा तिनं येणाऱ्या माणसाकडं निरोप धाडला, की पाणी झालं की कळवा, मला एकदा पवायचं हाय. आत्यानं माहेरी आजवर काही मागितलं नव्हतं. तात्यांनी लगेच माळ्यावरून तोच पितळी तांब्या काढला, चिंचेनं घासला आणि तलावाच्या खोल बाजूला सोडला. वरून तांब्या दिसला की अक्काला आणायची, असं ठरलं, आणि तो दिसायची जबाबदारी केमिष्टवर आली.

पहिल्या आठवड्यात पाणी हिरवं झालं. मी ब्लिचिंग पावडर टाकली. हिरवा रंग गेला आणि सकाळी पाण्यावर दुधाळ झाक आली. आता तलावाचं शास्त्र जाणणारा कुणी असता तर तिथंच थांबला असता. पण मी पडलो साखरेतला. आमच्यात गढूळ रसाला एकच औषध, चुन्याची निवळी. चुना पडला की गाळ खाली बसतो आणि वर नितळ रस राहतो. मी मोठ्या विश्वासानं बादल्याच्या बादल्या चुना कालवून ओतला. माझं शास्त्र चुकलं होतं असं मी आजही म्हणणार नाही, गाळ बसायला लागलाही होता. पण तलाव बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर ‘जिवंत पाणी’ दाखवायची तात्यांना हौस. पाहुणा आला की मोटर चालू, आणि बसलेला चुना पुन्हा वर. तलावाचं ताक झालं.

पट्टी बुडवली तर ती जांभळी झाली. म्हणजे पाण्यात उतरणाऱ्याचं कातडं सोलायची सोय मी करून ठेवली होती. उतारा म्हणून आम्ल आणलं. ब्लिचिंगला आणि आम्लाला एकमेकांचं तोंड दिसू द्यायचं नाही, एवढं शिक्षण मात्र मला होतं. मधे पुष्कळ दिवस जाऊ दिले, सगळ्यांना लांब उभं केलं आणि काठाकाठानं थोडं थोडं आम्ल सोडलं. जिथं पडेल तिथं पाणी फसफसायला लागलं. चुलती गोठ्यातून म्हणाली, आता लिंबू-साखर तेवढी राहिली. माझ्या बायकोला हसू आवरेना. ती ओसरीवर जाऊन हसली, मग परत येऊन हसली.

शेवटी पट्टीचा रंग हवा तसा आला. पाणी अंगाला बिनधोक झालं, पण दिसायला दूधच राहिलं. तुरटी फिरवून झाली, मोटर बंद ठेवा म्हणून तात्यांना हात जोडून झाले. तांब्या काही दिसेना.

आणि एका सकाळी आत्या न बोलावताच वडापच्या जीपमधून उतरली. वाट बघून कंटाळली होती. तिच्या मागोमाग भावकी गोळा झाली, जावई, पुतणे, शेजारचे दोन-चार रिकामे. सगळे काठावर बसून पाण्याकडं बघत होते, आणि मी जमिनीकडं. आत्या पायऱ्यांवर पाय सोडून बसली. तिच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, माझ्या पाण्यानं बाईचं मन मोडलं.

तिनं मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, “केमिष्ट, ह्यात उतरलं तर वरनं काय दिसतं का रं?”

“न्हाय आत्या,” मी म्हणालो. “चुकलंच माझं.”

“हात घाल बघू.”

मी हात घातला. मनगटापासून पुढं तो गायब झाला.

“आन् अंगाला?”

“अंगाला काय व्हत न्हाय. तेवढं बराबर हाय.”

“मग झालं की,” आत्या म्हणाली. “काचंवानी असतं तर म्या उतरले नसते. वलं लुगडं अंगाला चिकटल्यालं बघाया एवढी भावकी काठावर बसलीया. घरनं निघाल्यापास्नं त्योच घोर लागला हुता.”

तिनं कासोटा खोचला, नाक धरलं आणि त्या ताकात नाहीशी झाली.

कुठं गेली ते कळायला मार्ग नव्हता. वर एक बुडबुडाही दिसेना. तात्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. आपल्याला पोहता येत नाही हे ते विसरले होते. तेवढ्यात खोल बाजूला पितळेचा तांब्या पाण्याबाहेर आला, त्याच्यामागं हात आणि मग आत्या, पांढरीफटक, पिठात लोळल्यासारखी, आणि हसतेय अशी की तिला काठ धरता येईना. तात्या वाकून बघत होते. तिनं तो भरलेला तांब्या त्यांच्या टकलावर रिता केला.

“लई खारं हाय रं,” ती म्हणाली आणि पुन्हा बुडाली.

दुपारपर्यंत चुलती, माझी बायको, वाड्यावस्तीवरच्या बायका, सगळ्या त्या दुधात होत्या. पुरुषांना गोठ्याकडं हाकललं होतं. तिथून आम्हाला नुसता कालवा ऐकू येत होता.

पुढं तात्यांची मोटर जळाली आणि पाणी आपोआप निवळलं. तळाच्या फरशीच्या फटीसुद्धा दिसायला लागल्या. मी मुद्दाम रजा काढून ते बघायला गेलो. काठावर एक बाई नव्हती. चुलतीनं चहा दिला आणि म्हणाली, अक्का उद्या यायच्या हायत, तेवढा जरा चुना टाकून जा.