भेवत भेवत द्या

देऊळघाटात कुणी नव्या कामाला हात घालायचं म्हटलं, की आधी कौशल्याबाईंच्या मळ्यात जाऊन त्यांच्या पाया पडून येई. बाई काही मोठ्या भक्तीण नव्हत्या, अंगात येणाऱ्या तर नव्हत्याच. नवरा मोतीराम मोट हाकायचा आणि त्या वांग्या-मेथीचे वाफे सांभाळायच्या. पण कुणी वाकलं की मातीचा हात पदराला पुसून त्या त्याच्या डोक्यावर ठेवत, जरा थांबत, आणि त्या माणसापुरतंच काही बोलत. विहीर खणायला निघालेल्याला म्हणत, "तुह्या विहिरीले गोड पाणी लागो." पहिलटकरणीला म्हणत, "तुह्या लेकराचं रडणं साऱ्या गल्लीले ऐकू येवो." माणूस तेवढा शब्द घेऊन हसत घरी जाई.

एकुलती लेक रुख्मिणी सुलतानपूरला दिली, तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. जावई दयाराम मनमोकळा पोरगा. मांडवात दोघं जोडीनं वाकली, तेव्हा कौशल्याबाई म्हणाल्या, "म्हातारे होईस्तोवर एका ताटात जेवा."

दुसऱ्याच पावसाळ्यात दयाराम विषमज्वरानं गेला.

रुख्मिणी माहेरी परतली. कौशल्याबाईंना कुणी बोल लावला नाही, त्यांनी स्वतःच लावून घेतला. पाया पडायला कुणी आलं की त्याला खांद्याला धरून उठवत, "राहू दे, राहू दे," म्हणत, आणि पुन्हा वाफ्यात जाऊन बसत. हळूहळू लोक यायचे थांबले.

"काऊन बोलत नाहीस वं कोणाले?" मोतीरामनं एकदा विचारलं.

"पोटच्या पोरीले जो शब्द पुरला नाही, तो लोकाईले कोणत्या तोंडानं देऊ?"

मोतीराम बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

अशी काही वर्षं गेली. एका दुपारी दयारामची आई, तानाबाई, एसटीनं सुलतानपूरहून आल्या. सोबत धाकटी लेक आशा होती. रुख्मिणीनं पाणी आणलं. तानाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाल्या, "आशाचं लगन ठरलं, इहीनबाई. लोणारचं घर हाये. पोरीले तुमच्या पाया पाडाले आणली."

कौशल्याबाईंच्या हातातला पेला तसाच राहिला. "माह्या? तुमचं पोरगं..."

"हाव, माहं पोरगं गेलं. मले माहीत नाही का?" तानाबाईंचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "पण आमच्या घरी ज्यानं त्यानं आपलं ताट घ्याव आन् कोपऱ्यात जेवाव, अशी रीत होती. तुमी बोलल्या आन् हे दोघं खरंच एका ताटात जेवाले लागले. मी त्याले हासाची, पण मले बरं वाटे. दुखण्यात त्याले घास जाये नाही, तं ही ताट पुढं घेऊन बसून राहे, म्हणे, तुमी दोन शितं खा, मंग मी खातो. तुमचा शब्द खोटा नाही पडला, बाई. त्याचं आयुष्य कमी पडलं."

रुख्मिणीनं पदर तोंडाला लावला. हे तिनं आईला कधीच सांगितलं नव्हतं.

पेला खाली ठेवून कौशल्याबाई म्हणाल्या, "मले आता भेव वाटते."

"वाटनच. भेवत भेवत द्या. पण पोरीले शब्दावाचून नका लावू वाटेले."

आशा वाकली. कौशल्याबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ तिथंच राहिला. पूर्वी शब्द आपसूक ओठांवर यायचे. आज त्यांना ते देवाजवळून एकेक मागून आणावे लागत होते.

"तुह्या वाट्याले काय येईन ते मले माहीत नाही, माय," त्या म्हणाल्या. "त्याले माहीत. पण जे येईन त्याच्यात तू एकटी नको पडो. देव तुह्यासंग राहो, आन् माणसंही राहो."

आशाचं लग्न झालं, लोणारात तिचा संसार मांडला गेला. पण पहिलं बाळंतपण अवघड गेलं आणि मूल हाती लागलं नाही. दवाखान्यातून तान्ह्याशिवाय घरी आलेल्या पोरीनं भिंतीकडे तोंड करून अंथरूण धरलं. निरोप देऊळघाटला पोचला, तशी कौशल्याबाईंनी ज्वारीचं पीठ आणि मेथी फडक्यात बांधली.

"इहीनीची पोरगी ते," मोतीराम म्हणाला. "तिची माय हाये नं तिच्यापाशी?"

"हाये. पण एकटी नको पडो असं मी बोलली. बोलली तं मले जा लागते."

त्या रुख्मिणीला घेऊन लोणारला गेल्या. आशाचे केस विंचरले, अंगाला तेल लावलं. समजुतीचं एक अक्षरही बोलल्या नाहीत. घास भरवायचं काम रुख्मिणीनं केलं, कारण आजाऱ्याजवळ ताट घेऊन बसणं काय असतं ते तिला ठाऊक होतं. एका संध्याकाळी आशा आपणहून उठून चुलीपाशी आली आणि म्हणाली, "वयनी, आज मी भाकर टाकतो."

कौशल्याबाई गावी परतल्यावर लोक पुन्हा मळ्यात येऊ लागले. त्या पुन्हा बोलू लागल्या, पण आता ज्याला शब्द दिला त्याच्या घरी चार-आठ दिवसांनी चक्कर टाकत. "तुमचं बोलणं खरं होते का हो?" असं शेजारच्या शालूबाईनं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी मांगतो. देणारा तो हाये. पण मांगल्यावर मले घरी बसवत नाही."

रुख्मिणी मात्र लोणारलाच राहिली. तिथल्या दवाखान्यात तिला बाळंतिणींजवळ बसायचं काम मिळालं, आणि पुढं आशाला मुलगी झाली तेव्हा ती रुख्मिणीच्याच हातात जन्मली. तानाबाई नातीला बघायला आल्या, की आधी सुनेकडे उतरत.