डावी बारीक, उजवी रुंद

ह्यांनी सगळी नोकरी एका सरकारी कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासण्यात काढली. जोडीतले दोन भाग एकसारखे नसले की ते परत पाठवायचे. निवृत्तीनंतर बंगळूरला, येलहंक्याच्या घरात तपासायला पोळ्या आणि मी, एवढंच उरलं.

गेल्या वर्षी ह्यांचं डोकं दुखायला लागलं. मानेपासून सुरू होऊन कपाळापर्यंत यायचं. बाम झाला, सुंठेचा लेप झाला, चष्म्याचा नंबर तपासून झाला. "फोनमध्ये मान घालून बसू नका" हे मी रोज सांगत होते, पण ते औषधात धरलं जात नव्हतं. शेवटी शेजारच्या अक्का म्हणाल्या, "अण्णा, एकदा मोठ्या डॉक्टरला दाखवून या की." त्यांचं घराणं इथलं पिढ्यान्‌पिढ्यांचं, मराठीत निम्मं कन्नड. हे लगेच तयार झाले. शेजारणीचं बोलणं ह्यांना पटतं. मी शेजारीण नाही, ही माझीच चूक.

डॉक्टरांनी मेंदूचा आणि डोक्यातल्या शिरांचा एमआरआय करायला सांगितला. तो झाला, हे बाहेर येऊन बसले, तेवढ्यात तिथली मुलगी आली.

"सर, एक बाजू नीट दिसत नाहीये. इंजेक्शन देऊन परत फोटो काढावे लागतील."

"कुठली बाजू?"

"डावी. मागची मोठी शीर."

हे उठले आणि तिच्यामागून आत गेले. ती परत बाहेर आल्यावर मी विचारलं, शीर दिसत नाही म्हणजे काय. "कधी गुठळी असते मॅडम, कधी काहीच नसतं. डॉक्टर सांगतील," म्हणाली. ह्यांचं घड्याळ आणि कमरेचा पट्टा माझ्याकडे होता. तो पट्टा मी गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. फोनच्या पायी ह्यांना जेवढं बोलले होते तेवढं सगळं मनातल्या मनात मागे घेतलं.

डॉक्टर कन्नड आणि इंग्रजी मिसळून बोलायचे. ह्यांना दोन्ही येतं, मला अर्थापुरतं. त्यांनी चित्र आमच्याकडे वळवलं.

"गुठळी नाही. डोक्याच्या मागे रक्त खाली नेणाऱ्या दोन मोठ्या वाटा असतात, डावी आणि उजवी. त्यांना ट्रान्सव्हर्स सायनस म्हणतात. तुमची डावी जन्मापासून बारीक आहे, म्हणून आधीच्या फोटोत दिसली नाही. उजवी रुंद आहे, ती काम सांभाळते. खूप जणांचं असं असतं."

"सायनस म्हणजे सर्दीचा?" मी विचारलं.

"नाही मॅडम, नाव तेवढं सारखं."

ह्यांचं समाधान होईना. "पण जोडी आहे तर दोन्ही सारख्या का नाहीत?"

"सर, तुमचे दोन्ही पाय तरी अगदी सारखे आहेत का?"

ह्यांनी खाली वाकून पायांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, डोकेदुखी मानेच्या आखडलेल्या स्नायूंमुळे आहे, व्यायाम करा, फोन कमी करा. मी नुसतं ह्यांच्याकडे पाहिलं.

परतताना रिक्षात हे हळूच म्हणाले, "घाबरली होतीस का गं?"

"मी कशाला घाबरू?"

"मग माझा पट्टा दे. मघापासून पँट धरून चालतोय."

पट्टा माझ्या पर्समध्ये होता. तो देताना मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

पुढचे काही दिवस मात्र घरात त्या शिरेचंच राज्य होतं. डाव्या कुशीवर झोपणं बंद. एचएसआर लेआउटमध्ये राहणाऱ्या मुलीचा फोन आला तर तिलाही म्हणाले, "तुझीही बारीक असेल, बघून घे."

"बाबा, रिपोर्टमध्ये नॉर्मल लिहिलंय."

"नॉर्मल व्हेरिएशन लिहिलंय. नुसतं नॉर्मल कोणाचंही असतं."

मी म्हटलं, "आता कळलं, डाव्या बाजूने सांगितलेलं तुमच्या डोक्यात का शिरत नाही ते." त्यानंतर भाजी आणायला सांगायची असली की मी मुद्दाम वळसा घालून ह्यांच्या उजवीकडे जायची. आधी हे रागावले. मग स्वतःच उजवा कान पुढे करायला लागले. कोथिंबीर तरीही विसरायचे.

एका सकाळी हे फिरून आले. खुर्चीत बसून बूट काढायला कितीतरी वेळ लावला. बागेत ह्यांच्याबरोबर एक निवृत्त बँकवाले फिरतात. त्यांना ह्यांनी आपल्या शिरेची सगळी हकीकत ऐकवली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्याचाही फोटो काढला होता म्हणे, मागे कधीतरी. सगळं ऐकून घेतलं आणि 'सरी', ठीक आहे, एवढंच म्हणाला. त्याची उजवी बारीक आहे."

"मग?"

"ते जास्त दुर्मिळ असतं. डावी बारीक बऱ्याच जणांची असते."

मी पोह्यांची बशी पुढे ठेवली आणि म्हटलं, "चला, म्हणजे तुम्ही आपले चारचौघांसारखेच निघालात."

ह्यांनी दोन घास खाल्ले. मग त्यांनाच हसू फुटलं, आणि ठसका लागेपर्यंत हसले.

डोकेदुखी आता बरीच कमी आहे. हे आणि ते बँकवाले, दोघेही बागेतल्या बाकावर बसून मानेचे व्यायाम करतात. व्यायाम आधी डावीकडून करायचा की उजवीकडून, यावर अजून त्यांचं एकमत झालेलं नाही.