हौशीरामच्या होडीला ओतूरचं फायबर

हौशीरामच्या घराण्यात कुणी कधी होडीत पाय ठेवला नव्हता. घोड नदीकाठचं काळं रान, एक विहीर आणि बैलांची जोडी, एवढ्यात त्याच्या बापाची हयात गेली. पुढे डिंभ्याचं धरण झालं. पाणी चढत चढत रानात शिरलं आणि सगळं पोटात घेऊन बसलं. वरच्या अंगाला जो मुरमाड तुकडा राहिला त्यात पोटापुरतंही पिकेना, तेव्हा हौशीरामने एक जुनी सागवानी होडी घेतली आणि ज्या रानात तो नांगर धरायचा त्याच रानावर, चार पुरुष पाण्याच्या उंचीवरून, जाळं टाकू लागला.

जागा त्याने हट्टाने धरली होती. खाली बांध कुठे, दगडाची ताल कुठे, जाळं कशाला अडकेल, हे त्याला डोळे मिटून ठाऊक. शिवाय ते रान त्याचं होतं. कागदावरून गेलं असेल, मनातून गेलं नव्हतं. पण पाण्यावर सातबारा चालत नाही. काठच्या लोकांनी आपसात एक रीत पाडली होती. पावसाळ्यात मासेमारी बंद. श्रावण सरता ती उघडली की त्या सकाळी ज्या जागेवर ज्याची होडी आधी पोचेल, ती जागा वर्षभर त्याची. आपल्या रानावर दुसऱ्या कुणाची जाळी पडलेली बघावी लागेल, ही धास्ती हौशीरामला दरवर्षी नव्याने लागायची. त्याच्याच वस्तीवरच्या संपतचा त्या जागेवर डोळा होता आणि तो लपवतही नसे.

वस्तू जपण्यात मात्र हौशीरामचा हात धरणारा कुणी नव्हता. बाप जसा दर उन्हाळ्यात औताला, जुवाला करंजाचं तेल पाजायचा, तसं तो होडीला पाजायचा. फडकं बुडवून आतून, बाहेरून, तळाला, लाकूड प्यायचं थांबेपर्यंत.

"एवढं तेल माज्या डोक्याला कधी मिळालं न्हाई," त्याची बायको प्रयागबाई म्हणायची.

"तुजं डोकं पाण्यात जात न्हाई."

"तुमचं गेलंय, म्हून तर होडीला पाजताय."

एवढं करूनही उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की होडी काठाच्या चिखलावर पडे, चिखल वाळे, ऊन तापे आणि फळ्यांचे सांधे उकलत. मग कापूस कोंबा, डांबर ओता. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. हौशीराम या दुरुस्तीला विटून गेला होता.

दोन हजार तीन सालच्या उन्हाळ्यात तो ओतूरच्या बाजाराला गेला असताना त्याला पोपट भेटला. पोपट फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवायचा, फुटलेल्या सांधून द्यायचा. त्याच्या दुकानाबाहेर एक टाकी वर्षानुवर्षं उन्हात उभी होती आणि तिला चरा नव्हता. हौशीरामने तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं.

"राव, हे होडीला बसंल का?"

"न बसायला काय झालं? वरनं एक कातडंच चढतंय म्हना की. फकस्त लाकूड कोरडं पाहिजे, भाऊ. ओल असली तर धरत न्हाई."

"ठणठणीत कोरडं हाय. पाडव्यापासनं उन्हात पडलीय."

दिवस ठरला. आणि पोपट यायच्या आधी हौशीरामने, नवीन कातडं चढायचंय तर लाकूड धष्टपुष्ट असावं म्हणून, होडीला नेहमीपेक्षा दुप्पट तेल पाजलं. उन्हाने ते जिरून गेलं. पोपटने आल्यावर तळावर हात फिरवला, धूळ पुसली, "कोरडं हाय ना?" म्हणून पुन्हा विचारलं, आणि काचेच्या धाग्यांची चटई अंथरून तिच्यावर रसायन चोपडलं. सांजेपर्यंत होडी हिरवीगार, कडक आणि चकचकीत झाली. संपत येऊन तिच्याभोवती फिरला.

"हौशीराम, ही पाण्यात कशाला घालतो? हळद लाव आन् स्थळं बघ."

"तू तुजं भोकाचं घमेलं सांभाळ," हौशीराम म्हणाला. वर्षातून पहिल्यांदा तो मोकळा हसला होता.

आषाढात पाणी काठाला आलं. होडी तरंगली. थोड्याच दिवसांत तळाला एक फुगा आला, तळहाताएवढा. दाबला तर आत पाणी डुबुक करून हललं. मग दुसरा आला. मग होडीच्या काठाकडची फायबरची कड सुटली आणि जीभ बाहेर काढल्यासारखी लोंबू लागली.

हौशीराम एसटीने ओतूरला गेला. दुकान बंद, पोपट टाकी बसवायला आळेफाट्याला. पुन्हा गेला, पोपट मेव्हण्याच्या लग्नाला. "आषाढात कुणाचं लगीन असतंय?" तो शेजारच्या पानवाल्यावर खेकसला, जणू मुहूर्त त्यानेच काढला होता. शेवटी पोपट एकदाचा आला. त्याने सुटलेली कड धरून ओढली, तर उकडलेल्या शेंगदाण्याचं साल निघावं तसं हातभर फायबर अलगद निघून आलं. त्याने आतली बाजू नाकाशी नेली.

"भाऊ, वास कशाचा हा?"

"करंजाचा. तेल पाजतो मी हिला."

"कधी?"

"दरसाल. तू यायच्या आधी तर चांगलं दोनदा पाजलं."

पोपट दगडावर बसला. "अवो, साच्यातनं टाकी सुटावी म्हून आमी साच्याला मेण फासतो. तुमी होडीचाच साचा केलात की!"

"मग आधी का न्हाई इचारलंस?"

"कोरडं हाय का, दोनदा इचारलं."

"कोरडंच व्हतं!"

"आन् तेल?"

"तेल म्हंजे काय पाणी व्हय रं?"

प्रयागबाईने तोंडाला पदर लावला. हौशीरामला ते दिसलं आणि तो आणखी पेटला. "लाकडाला तेल न्हाई पाजायचं तर काय च्या पाजायचा? माजा बाप येडा व्हता का?"

"बाप औताला पाजत व्हता, भाऊ. औताला कोण फायबर लावतंय?" पोपट म्हणाला. "सोड्याच्या गरम पाण्यानं घासा, रंधा मारा, उन्हाळाभर वाळवा. मग मी लावून देतो, फुकट."

"उन्हाळा? मासेमारी पंधरवड्यात उघडतीय!"

पोपट उठून ओतूरच्या वाटेला लागला. उरलेलं फायबर हौशीरामने एकट्याने ओढून काढलं. जिथे खिळे होते तिथे ते नेमकं घट्ट धरून बसलं होतं, आणि निघताना लाकडाच्या चिपा घेऊन गेलं. जिथे धरायला हवं तिथे धरलं नाही, जिथे सोडायला हवं तिथे सोडेना. आत कोंडलेल्या पाण्याने फळ्या मऊ पडल्या होत्या. त्याने शिव्या देत कापूस कोंबला आणि डांबर तापवलं. पण पावसाची झड थांबेना, लाकूड ओलंच, आणि डांबरही नीट बसेना.

मासेमारी उघडली त्या दिवशी उजाडता उजाडता त्याने होडी ढकलली. प्रयागबाई न सांगता डबा घेऊन आत बसली. काठापासून थोडं अंतर गेले नाहीत तोच तळात पाणी चढलं. ती उपसू लागली. मागून संपतची होडी येताना दिसली, हलकी, सरसर.

"वैनी, पोहाया येतं का?" तो लांबूनच ओरडला.

"तुज्या बायकूला शिकवून आलेय!" प्रयागबाईने उपसता उपसता उत्तर दिलं.

हौशीरामने दात आवळून वल्हं मारलं. गुडघ्याखाली थंडगार पाणी, पुढे आपलं रान. संपत दोन होड्यांच्या अंतरावर असताना हौशीरामने जाळ्याची पहिली गाठ पाण्यात सोडली. संपतने वल्हं थांबवलं, हात वर केला आणि होडी वळवली. जागा राहिली.

"आता पुढल्या साली हिला तेल पाजणार का न्हाई?" प्रयागबाईने विचारलं.

तेल पाजावं तर फायबर कधीच धरणार नाही. न पाजावं तर चैत्रात लाकूड तडकणार. आणि रंधा मारायला त्या फळ्यांत आता उरलं होतं तरी काय! हौशीराम जाळं सोडत राहिला.

"तू पाणी उपस," तो म्हणाला.