उन्हात सुटलेला खटका

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईला नाही. तुम्हाला सांगते. आडवळणं न घेता सांगायचं ठरवलंय, जमतं का बघू.

मी जळगावला प्लॅस्टिकच्या कारखान्यात डिझाइन करते. केळीसाठी घडीचा क्रेट केला तो मी. भरला की थप्पी लावायची, रिकामा झाला की चारी बाजू आत पाडून ताटासारखा सपाट. परतीच्या गाडीत जास्त मावावेत म्हणून मी तो आणखी सपाट केला — म्हणजे काय केलं? बाजू धरून ठेवणारा खटका बारीक केला. मालक खूश. माझ्याही अंगावर मूठभर मांस चढलं.

वैशाखातल्या एका दुपारी भरलेली थप्पी उन्हात ठेवून पाहिली. तळातल्या क्रेटचा खटका नरम पडला, सुटला. मग मी काय केलं असेल? थप्पी एसीच्या खोलीत लावली. तिथे ती टिकली, आणि मालकांना सांगितलं — टेस्ट झाली. खानदेशात राहून ऊन विसरले, असं म्हणू? विसरले नव्हते. साचा बदलायचा तर आपलं चुकलं म्हणावं लागलं असतं.

बोदवडजवळच्या एका मळ्यात उन्हात तशीच थप्पी कोसळली. केळी भरणाऱ्या बायांची टोळी सुमनअक्कांची होती. त्यांचीच सून, मनीषा, थप्पीशेजारी बसून केळ्यांच्या फण्या पुसत होती. तिच्या उजव्या हाताची बोटं चिरडली.

फळाला डाग पडू नये म्हणून तिकडे क्रेटला आतून केळीचं वाळकं पान लावतात. मी पोचले तेव्हा सुटलेल्या खटक्यापाशी पानाचा तुकडा होता. मी तो उचलून सगळ्यांना दाखवला. पान अडकलं म्हणून खटका बसला नाही, म्हणाले. मीच — माझ्या तोंडानं.

अक्कांनी पानाकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"माह्याच हातानं झालं, ताई. पान मीच लावलं व्हतं."

मी गप्प राहिले. भित्री होते, दुसरं काही नाही. पुढे सुधारणा म्हणून खटका गुपचूप जाड केला. अक्कांची टोळी मोडली. सुनेचा हात घालवणाऱ्या बाईबरोबर कामाला कोण येणार?

आज मालकांना सगळं सांगणार, उद्या बोदवडला जाणार. टोळीतल्या बायांना बोलावून, मनीषासमोर सांगणार — पान नव्हतं, खटका होता, आणि तो सुटतो हे मला आधीच माहीत होतं. नोकरी जाईल, जाऊ दे.

मागच्या महिन्यात मी अक्कांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. मनीषाला आता वेणी घालता येत नाही, अक्का घालून देतात. त्या तिच्या मागे बसून हळूच म्हणत होत्या, "माफ कर वं, माय." ते शब्द माझ्या वाट्याचे आहेत.