बेअरिंग माझी ड्यूटी बघून वाजायचं

रात्रीचा एक वाजत आला होता. मुंबईत, फोर्टातल्या एका तळघरातल्या क्लबात, मी मांडीवर पंधरा शेरांचं बेअरिंग घेऊन बसलो होतो. समोर बँड चालला होता. एक बाई इंग्रजीत गात होती आणि तिचं काहीतरी फार मोठं नुकसान झालं असावं असं तिच्या आवाजावरून वाटत होतं. शेजारी बसलेला फर्नांडिस म्हणाला, "याला ब्लूज म्हणतात. दुःख सांगायचं, पण ठेका सोडायचा नाही." मला ते लगेच पटलं. त्या आठवड्यात माझंही तेच चाललं होतं.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. चिंचवडला एका फोर्जिंगच्या कारखान्यात मी मेंटेनन्स फिटर म्हणून लागलो होतो. फोर्जिंग म्हणजे लोखंड लालबुंद करून ठोकायचं. ठोकायला हवेवर चालणारे मोठे हातोडे, आणि हातोड्यांना हवा पुरवणारा एकच मोठा कॉम्प्रेसर. तो थांबला की अख्खी शॉप तंबाखू मळत बसते. माझं सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं, आणि त्याचा शेवटचा आठवडा उरला होता.

आणि नेमका त्याच महिन्यात कॉम्प्रेसरमधून आवाज यायला लागला. खर्र, खर्र, मधेच ठण्ण.

आमच्या धंद्यात स्क्रूड्रायव्हर हा डॉक्टरचा स्टेथोस्कोप. पातं मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची. आतलं सगळं ऐकू येतं. माझा कान तिखट आहे असं चार लोक म्हणायचे. पाचवा मी. मी ऐकलं आणि जाहीर केलं, "मेन बेअरिंग गेलंय."

गंमत अशी की आवाज फक्त सकाळी यायचा. जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन गपगार. त्यावर मी थिअरी सांगितली: मशीन थंड असताना फट जास्त असते, गरम झालं की धातू फुगतो, फट बुजते, आवाज थांबतो. पुढच्या आठवड्यात मी सेकंड शिफ्टला गेलो, तर आवाज दुपारी सुरू होऊन रात्री आठला थांबायला लागला. म्हणून मी थिअरीत हवेतला दमटपणा घातला.

कॉम्प्रेसरवर उस्मानभाई ऑपरेटर होते. रेल्वेच्या वर्कशॉपात केस पिकवून आमच्याकडे आलेले. मशीनपाशी स्टुलावर बसून ते सुपारी कातरायचे. एकदा मला म्हणाले, "राव, हे बेअरिंग तुमची ड्यूटी बघून वाजतं काय?"

मला वाटलं, म्हातारा टिंगल करतोय. मी म्हटलं, "उस्मानभाई, हे थोडं टेक्निकल आहे."

"असंल," ते म्हणाले, आणि त्यांनी सुपारी तोंडात टाकली.

आमचे इंजिनिअर नाडकर्णीसाहेब स्वतः येऊन ऐकून गेले. मी परत सकाळच्या शिफ्टला आल्यावर, दहाला. आवाज ठणठणीत येत होता. साहेब म्हणाले, "बेअरिंग परदेशी आहे. मुंबईत कुठेतरी एखादं शिल्लक असेल. तुमच्या शब्दावर मागवतो. रविवारी मशीन खोलू. पण उघडल्यावर जुनं बेअरिंग चांगलं निघालं, तर तुम्ही चाकणला जाऊन कांदे लावा."

आमचं गाव चाकण, ते साहेबांना माहीत होतं. मी छातीठोकपणे म्हटलं, "साहेब, कान कधी खोटं सांगत नाही."

शनिवारी मला मुंबईला पाठवलं. ज्या कंपनीकडे ते बेअरिंग मिळालं, तिचा फर्नांडिस सेल्समन. गोदामातून माल बाहेर पडेपर्यंत संध्याकाळ उलटली आणि माझी शेवटची गाडी चुकली. फर्नांडिस दिलदार माणूस. म्हणाला, "पहिली गाडी पहाटे. तोवर लॉजमध्ये ढेकूण मारण्यापेक्षा माझ्या भावाचा बँड ऐक."

दारातच खोळंबा झाला. दारूबंदीचे दिवस. तागाच्या पोत्यात गुंडाळलेलं जड काहीतरी छातीशी धरून मी आत शिरतोय म्हटल्यावर दरवानानं अडवलं.

"क्या है इसमें?"

"बेअरिंग."

"कौन सी? देसी के विलायती?"

"विलायती," मी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यानं सगळं पोतं सोडायला लावलं. त्याच्या पांढऱ्या हातमोज्यांना ग्रीस लागलं तेव्हा कुठे त्याची खात्री पटली. आत सगळे सुटाबुटात. मी खाकी पँटीत, हात काळे, समोर लिंबू-सोडा. बेअरिंग खाली ठेवलं तर कुणी उचलेल या धास्तीनं मांडीवर.

पण गाणं चांगलं होतं, खोटं का बोलू? आमच्या गावच्या भजनात बुवा एकच ओळ दहा वेळा घोळवतात, तशी ही बाई घोळवत होती. माझा पाय कधी हलायला लागला ते मलाच कळलं नाही. फर्नांडिसचा भाऊ टोनी माणसाच्या उंचीचं व्हायोलिन उभं धरून बोटांनी वाजवत होता. त्याला डबल बास म्हणतात. आणि मधेच, एका ठरावीक सुराला, माझ्या तिखट कानानं पकडलं: खर्र.

मी फर्नांडिसच्या कानात म्हटलं, "तुमच्या भावाच्या वाद्यात काहीतरी ढिलं झालंय."

"तू गाणं ऐक ना बाबा!"

पण फिटरला आवाज ऐकून गप्प बसता येत नाही. इंटर्व्हल झाला, ड्रमवाला सिगारेट ओढायला बाहेर गेला, तसा मी बेअरिंग फर्नांडिसच्या मांडीवर दिलं, खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि सरळ स्टेजवर चढलो. पातं डबल बासला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि टोनीला म्हटलं, "वाजवा."

सगळा क्लब स्टेजकडे वळला. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या. लोकांना वाटलं, हा पुढचा आयटम आहे.

टोनीनं तार छेडली. खर्र. मी डॉक्टरसारखी मान हलवली. "बघा. आतलं काहीतरी गेलंय."

टोनी हसत सुटला. "अरे, माझ्यात काय नाय! तो बघ." त्यानं मागच्या छोट्या ड्रमकडे बोट केलं. त्या ड्रमच्या पोटाखाली बारीक तारा ताणलेल्या असतात. टोनीनं पुन्हा तोच सूर वाजवला, आणि ड्रमजवळ कुणीही नसताना त्या तारा खरखरल्या. मग त्यानं रुमाल घेऊन तारांवर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं तोच सूर छेडला. आवाज साफ.

"वाजवतो मी, बोंबलतो तो," टोनी म्हणाला. "शेजारी असलं की असंच होतं."

मी स्क्रूड्रायव्हर कानावरून काढला. माझ्या कॉम्प्रेसरच्या शेजारी कोण बसतं? जो सकाळी असतो आणि जेवणानंतर नसतो? जो माझ्याबरोबर सेकंड शिफ्टला येतो आणि रात्री आठला, जेवणाच्या वेळी, जातो?

माझा डबा.

कॉम्प्रेसरमधून निघणारा हवेचा पाइप गरम असतो. त्याच्यावर तारेनं एक पत्र्याची फळी बांधलेली होती आणि आम्ही सगळे भाकरी गरम राहावी म्हणून तिच्यावर ठेवायचो. बाकीच्यांच्या भाकऱ्या फडक्यात. माझा एकट्याचा चार पुडांचा पितळी डबा, नोकरी लागल्याबद्दल सासऱ्यांनी दिलेला. महिनाभर मी डोळे मिटून मशीन ऐकत होतो आणि डोक्यापासून हातभर अंतरावर माझीच भाजी खरखरत होती.

बाई पुढं काय गायली ते मला आठवत नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. गाडीत एकच विचार: गप्प राहावं का? नवं बेअरिंग बसवायचं, डबा दुसरीकडे ठेवायचा, आवाज बंद. शाबासकीसुद्धा मिळेल. पण जुनं बेअरिंग साहेब हातात घेऊन बघणारच. आणि खरं सांगतो, उस्मानभाईंना तोंड दाखवायचीच जास्त भीती वाटत होती.

चिंचवडला उतरून आधी घरी गेलो.

"डबा दे."

"आज रविवार ना?" बायको म्हणाली. "आणि भाजी कुठाय अजून?"

"रिकामाच दे."

तिनं दिला आणि वर म्हणाली, "त्याची कडी ढिली झालीय, तीनदा सांगितलं तुम्हाला. तुम्हाला ऐकूच येत नाही."

शॉपमध्ये साहेब, उस्मानभाई आणि दोन हेल्पर पान्हे घेऊन तयार होते. मी पोतं खाली ठेवलं. "साहेब, खोलू नका. पाच मिनिटं मशीन चालवा." मशीन सुरू झालं. आवाज नाही. मी डबा फळीवर ठेवला. खर्र, खर्र, ठण्ण. उचलला. शांत. परत ठेवला. खर्र.

साहेबांनी स्वतः डबा उचलून, परत ठेवून पाहिला. मग म्हणाले, "आतमध्ये काय असतं?"

"वांगं असतं बहुतेक, साहेब."

उस्मानभाईंनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

साहेबांनी लॉगबुक माझ्यापुढे सरकवलं. "लिहा. तुमच्या अक्षरात." मी लिहिलं: आवाजाचं कारण, फिटरचा डबा. "खोलल्यावर कळलं असतं, तर आजच घरी पाठवलं असतं," साहेब म्हणाले. "आता प्रोबेशन तीन महिने वाढवतो. बेअरिंग स्टोअरला जमा करा. आणि डबा इथून हलवा."

तीन महिन्यांनी मी पर्मनंट झालो. बायकोनं कडी बदलून आणली, मला न विचारता.

पुढं चारेक वर्षांनी त्याच कॉम्प्रेसरमध्ये खरोखर आवाज आला. मी स्क्रूड्रायव्हर लावला, दोनदा ऐकलं, भोवतालचं सगळं हलवून पाहिलं आणि सांगितलं, "मेन बेअरिंग गेलंय." या वेळी शंभर टक्के बरोबर होतो. स्टोअरमध्ये बेअरिंगही तयार होतं. पण मशीन थांबवायला कुणी हातच लावेना. साहेबांसकट अख्खी शॉप आधी माझा डबा शोधत होती.