सुतार पक्ष्याचा फोटो

परवा खाडीत उतरलेले रोहित पक्षी पाहायला गेलो, तर तिथली झाडून सगळी माणसं पक्ष्यांकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत होती. मला आमच्या दापोडे गावातला शेजारी हरेश आठवला. त्या वेळी तो मला एकटाच मूर्ख वाटला होता. तो नुसता काळाच्या पुढे होता.

दोन हजार तीन-चार साल असेल. घरामागच्या वाळलेल्या सावरीवर ठकठक ऐकू आली. पाहतो तर चिमणीएवढा सुतार पक्षी, डोक्यावर तुरा, पांढुरक्या पंखांवर पत्त्यांतल्या बदामासारखे काळे ठिपके. असा सुतार आमच्याकडे मी कधीच पाहिला नव्हता. रोलमधले छत्तीसपैकी पस्तीस फोटो भाचीच्या हळदीत संपले होते. उरलेल्या एकासाठी मी श्वास रोखून कॅमेऱ्याला डोळा लावला.

"थांब रं, माझा पन काढ!" गोदामवाल्याला जमीन विकून नुकताच शेट झालेला हरेश गॉगल चढवत धावत आला आणि कमरेवर हात ठेवून थेट झाडाखाली उभा राहिला. "पाखरू दिसाला पायजे हां!"

पक्षी भुर्रकन उडाला. दचकून माझ्याकडून बटण दाबलं गेलं.

"अरे, उडाला ना तो!"

"मंग काय झाला? मी हाय ना!"

तो फोटो त्याने फ्रेम करून दिवाणखान्यात लावला. आल्यागेल्याला अजून सांगतो, "सुतार पाखरू हाय, खोडाच्या मागं बसलंय." आणि पाहुणे, खरं सांगतो, मान वाकडी करून खोडामागे बघतात.