चित्र पालथं घालणारे ग्रेडरकाका

ग्रेडरकाकांच्या हातात चित्र दिलं की ते आधी पालथं घालायचे. चित्राची बाजू टेबलाकडे, कोरी बाजू वर. मग चष्मा कपाळावर सरकवून उजव्या हाताचा अंगठा कागदाच्या पाठीवरून सावकाश फिरवायचे. समोरून त्यांनी माझं चित्र कधी पाहिलं नाही. आणि तरी चित्रकला मला त्यांनीच शिकवली, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे मला अजून नीट उमगलेलं नाही.

दिग्रसच्या कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. गाडीतून मूठभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत ओढून धाग्याची लांबी बघायची आणि प्रत ठरवायची, हे त्यांचं काम. माझे बाबा तिथेच वजनकाट्यावर मापारी होते. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून तिथवर पोचलेली पहिलीच. कॉलेज सुटलं की बाबांचा डबा घेऊन जायचे आणि त्यांचं जेवण होईपर्यंत काकांच्या टेबलाशी बसायचे. तिथे कापसाचे नमुने गुंडाळायचे निळे कागद पडलेले असत. एकदा त्यातल्याच एका कागदावर बैलगाड्यांची रांग काढत होते. काकांनी कागद उचलला, पालथा घातला, अंगठा फिरवला आणि एका जागी थांबले.

"इथं काहून भेली व?"

मी कागद उलटून पाहिला. मी भ्याले होते त्या जागी बैलाचे मागचे पाय होते. ते मला कधीच जमत नसत. तिथे मी पेन्सिल दाबून दाबून गिरवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून हुकूम सुरू झाले. हा त्यांचाच शब्द. डबा ठेवायला गेले की काका वर न बघता हुकूम सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यावरचं चित्र मागायचे. आज रेघ सुरू झाली की हात उचलायचा नाही. आज डाव्या हातानं. आज खोडरबर घरी ठेव. एकदा म्हणाले, माणूस काढ, पण माणूस दिसला नाही पाहिजे. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत भांबावल्यासारखी फिरले आणि शेवटी काट्याजवळ काढून ठेवलेल्या बाबांच्या चपला काढल्या. काकांनी कागदाच्या पाठीवर अंगठा फिरवला आणि फक्त "हं" म्हणाले. चांगलं की वाईट, ते काही नाही. ते स्वतःही रोज एक चित्र काढत. नोकरीला लागल्यापासून खाडा नाही, असं बाबा सांगायचे. त्यांची चित्रं मात्र टेबलाच्या खणात पालथी पडलेली असत आणि तो खण कुणी उघडत नसे.

मला मात्र चांगलं की वाईट तेच हवं होतं. अमरावतीला चित्रकला शिक्षकाचा कोर्स होता आणि मला तिथे जायचं होतं. बाबांना चित्रातलं काही कळत नव्हतं, पण ग्रेडरचा शब्द कळत होता. साऱ्या बाजारात त्यांनी काकांइतकं कुणाला मानलं नाही. त्यांनी एवढंच म्हटलं, की ग्रेडरसाहेब म्हणाले तर पाठवतो. मी भीत भीत काकांना विचारलं.

"रोज एक, शंभर दिवस," ते म्हणाले. "खाडा झाला तं पुन्हा एकपासून. शंभरावं मी समोरून पायतो, अन् मंग तुह्या बाबाले सांगतो."

मी चित्राच्या कोपऱ्यात आकडे घालायला लागले. ते दिवस बाजारासाठी चांगले नव्हते. भाव पडला होता, गाड्यांची रांग दर आठवड्याला आखूड होत होती, आणि एरवी प्रतीवरून हुज्जत घालणारे लोकही मिळेल ती प्रत घेऊन मुकाट निघून जात. एक हमाल मला चिडवायचा, "रांग आहे तंवर काढून घे बाई, मंग काय काट्याचं चित्र काढशीन?" मी हसायचे. माझं सगळं लक्ष आकड्यावर होतं.

ब्याण्णव झाले आणि मला कोर्सची माहिती आणायला अमरावतीला जावं लागलं. पहाटेची एसटी होती, परतायला रात्र होणार होती. म्हणून आदल्या संध्याकाळी मी दोन चित्रं काढून ठेवली. त्र्याण्णवावं काढलं आणि तसंच बसल्या जागी चौऱ्याण्णवावंही. हुकूम पाळला होता, आकडे बरोबर होते. परत आल्यावर दोन्ही कागद निर्धास्तपणे काकांपुढे ठेवले.

त्यांनी पहिल्यावर अंगठा फिरवला. दुसऱ्यावर फिरवता फिरवता थांबले आणि परत मागे आले. मी दोन्ही कागद एकावर एक ठेवून चित्रं काढली होती. वरच्या चित्राच्या रेघा दाबानं खालच्या कागदावर उमटल्या होत्या. माझ्या डोळ्यांना त्या अजिबात दिसल्या नव्हत्या.

"हे एकाच बैठकीचं हाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, काका, पण चित्र तर काढलं ना. आकडा तर भरला.

"चित्र हाय. त्याचा दिवस कुठं हाय?" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "उद्या एक लिव."

मला रडू आलं आणि रागही आला. कापसावर पाणी मारून आणणाऱ्याला ते जसे शांतपणे परत पाठवत, तसंच त्यांनी मला परत पाठवलं होतं. चित्राला दिवस असतो म्हणजे काय असतो? मी वर्गातल्या मैत्रिणीला विचारलं, तिला काहीच कळलं नाही. मलाही कळलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यात एक लिहिलं.

एकतीसवर असताना केंद्र बंद झालं. काकांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि ते पुसदला, आपल्या घरी निघाले. मी एसटी स्टँडवर गेले होते. म्हटलं, काका, आता एकदा समोरून बघा ना, निदान एक तरी. त्यांनी विचारलं, किती झाले? मी आकडा सांगितला. "मंग?" एवढंच म्हणाले आणि पिशवी मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. बस सुटताना त्यांनी खिडकीतून हात हलवला, पण मी उभी होते त्या बाजूला नाही, कुठेतरी पलीकडेच. ते मी तेव्हा मनाला लावून घेतलं.

उरलेले एकोणसत्तर दिवस हुकूम द्यायला कुणी नव्हतं. मी सकाळी स्वतःलाच एक हुकूम द्यायचे आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याशी भांडायचे. ताप आला त्या दिवशी पांघरुणाची घडी काढली. नव्वदीनंतर आकड्याचं महत्त्व कधी कमी झालं ते कळलं नाही. शंभर भरले तेव्हा बाबाच म्हणाले, चल, साहेबांकडे जाऊ.

पुसदच्या घरी काका बाजेवर बसले होते. शेजारच्या स्टुलावर त्यांचं त्या दिवशीचं चित्र होतं, आणि पहिल्यांदाच सरळ पडलेलं होतं. एका रेघेवर दुसरी रेघ होती. कपाच्या कानातून बैलाचं शिंग निघालं होतं. काकू मला पाणी देण्याच्या निमित्तानं आत घेऊन गेल्या. हळूच म्हणाल्या, "डोये गेले व त्यायचे. दोन सालं झाली अंधुक व्हायले. हापिसात कोनाले कळू देलं नाई."

मी मनातल्या मनात हिशोब केला. माझा पहिला बैल त्या दोन वर्षांतलाच होता. म्हणजे अंगठा ही त्यांची विद्या होती की नुसती अडचण? आणि त्यांनी ठरवलेल्या त्या सगळ्या प्रती? मी बाहेर आले. वाटलं, चित्र देऊच नये. पण काकांनी हात पुढे केला होता.

"शंभरावं?"

मी दिलं. त्यांनी ते पालथं घातलं नाही. शब्द दिल्याप्रमाणे दोन्ही हातांनी समोर धरलं आणि बराच वेळ बघत राहिले. चित्र उलटं होतं. त्यातला काटा आणि पारडी वर लटकत होती. बाबा माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनाही ते दिसलंच असणार.

"पाठव पोरीले," काका बाबांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "उद्याचा हुकूम घेतला का?"

परतीच्या बसमध्ये मला धाकधूक वाटत होती. ज्याला दिसत नाही त्याच्या शब्दावर मुलीला कोण पाठवेल? दिग्रस जवळ आलं तेव्हा बाबा बोलले.

"कागद उलटा होता."

मी मान हलवली.

"पण मांगून अंगठा चालू होता त्यायचा," बाबा म्हणाले. "फारम भरून टाक."